नानाजींनी जोडलेल्या चेनी

नाल्यापलीकडचा चढ आला की दीपाली हलामी सीटवरून उठायची आणि पायडलवर उभी राहायची. बसून तो चढ चढताच येत नसे. त्या दिवशीही ती अशीच उभी राहिली, उजव्या पायावर सगळा भार दिला आणि पायाखालचं पायडल एकदम रिकामं फिरलं. छाती हँडलवर आदळली. पाय वेळेवर टेकला म्हणून ती पडली नाही. मागे पाहिलं तर चेन लाल मातीत लांबच लांब पडली होती.

दीपाली या भागातली टपालवाली. फाट्यावरच्या पोस्टातून थैली उचलायची, कॅरिअरला बांधायची आणि जंगलातल्या टोल्याटोल्यांवर, लहान लहान वस्त्यांवर, टपाल वाटत, कुणाचे पेन्शनचे पैसे पोचवत आपल्या गावी परतायचं, हे तिचं काम. मोटारसायकल तिला चालवता येत नव्हती. सायकल मात्र तिने शाळेपासून चालवली होती, आणि नाल्यावरची पाऊलवाट सायकलला सोयीचीही होती.

तिने चेन उचलून थैलीच्या पट्ट्यात खोचली आणि सायकल ढकलू लागली. या पट्ट्यात पिलांची वाघीण फिरते असं वनरक्षकाने सांगून ठेवलं होतं. त्यामुळे एका हाताने हँडल धरून दुसऱ्या हाताने ती सारखी घंटी वाजवत राहिली. जंगल संपून धानाच्या बांध्या दिसू लागल्या, कापणीवरच्या बायांचे आवाज आले, तेव्हा कुठे तिचा अंगठा थांबला.

दुसऱ्या दिवशी ती नानाजी दोनाडकरांच्या दुकानात गेली. दुकान म्हणजे फाट्यावर मोहाच्या झाडाखाली उभं केलेलं टिनाचं शेड, आणि त्याच्या मागे नानाजींचं घर. रस्त्याला डांबर नव्हतं तेव्हापासून ते इथे सायकली दुरुस्त करत होते. आजूबाजूच्या गावांत कुणी नवी सायकल घेतली की ती आधी नानाजींकडून कसून घ्यायची, अशी रीतच पडली होती.

"तुटली?" नानाजींनी विचारलं. "दिवाळीच्या आगंमागंच तर टाकून देल्ली होती."

"हो ना भाऊ. नाल्याच्या चढावर तुटली."

"तेल टाकत नसशीन. पावसाळ्याचं पाणी बसलं का चेन आतून गंजते. वरून चकचकीत दिसते, पण आतून पिन खाऊन जाते."

"टाकतो भाऊ तेल. दर इतवारी टाकतो."

नानाजींनी मागचं चाक फिरवून पाहिलं, दात्यांवरून बोट फिरवलं. "दाते घासले आहेत. घासलेल्या दात्यावर नवी चेन बसत नाई. उड्या मारते, अन् उड्या मारता मारता एक दिवस तुटते. अन् दुसरं सांगू का, आजकाल कडीची पत्तीच पातळ येऊन राह्यली. पयले चेन हातात घेतली का वजन लागे. तशी चेन म्या माह्या सायकलीले टाकली होती. पोरं मोठी झाली, त्याइची लग्नं झाली, तरी चेन तेच."

"मंग तशीच टाका ना."

"आणतो. ब्रह्मपुरीले जाऊन हातानं पाहून आणतो. तू दोन दिवस थांब."

आणि ते खरंच गेले. बसने ब्रह्मपुरीला जाऊन दुकानात चेनी हातावर तोलून पाहिल्या, त्यातली सगळ्यात जड चेन निवडली, सोबत दात्यांचं नवं चक्रही आणलं. दीपाली आली तेव्हा त्यांनी तिच्यासमोरच काम केलं. नवी चेन सायकलच्या मापापेक्षा लांब असते. म्हणून एक पिन ठोकून बाहेर काढायची, जास्तीच्या कड्या वेगळ्या करायच्या आणि दोन टोकं जुळवून पिन पुन्हा आत ठोकायची. नानाजींनी ठोकली. मग जोडावरून अंगठा फिरवला आणि मान हलवली.

"आता नाई तुटत. माह्या हातचा जोड आहे."

मग त्यांनी तेलाची कुपी उचलली आणि चेनीवर तेल सोडलं. तेल चेनीवर पडलं नाही. बाजूच्या रिमवर पडलं आणि तिथून टायरवर ओघळलं. नानाजी मात्र पायडल हाताने फिरवत तेल सोडतच राहिले. दीपालीला ते विचित्र वाटलं. फडक्याने टायर पुसून ती निघाली.

जड पत्तीची ती चेन संक्रांतीच्या आधीच तुटली. या वेळी चढ नव्हता. गावाजवळच्या सपाट रस्त्यावर दीपाली आरामात येत असताना चेन सुटून खाली पडली. आता तिला राग आला. ती बांधावर बसली आणि चेन मांडीवर घेऊन एकेक कडी पाहू लागली. बाकीच्या पिनांची डोकी गोल होती, सगळी सारखी. जिथे चेन तुटली होती तिथली पिन तेवढी चपटी होती, तिच्यावर हातोडीचे वण होते. ती एका बाजूने बाहेर आली होती आणि दुसऱ्या बाजूच्या पत्तीत पोचलीच नव्हती. पत्ती कुठे फाटली नव्हती की ताणली गेली नव्हती. ती पिनेवरून नुसती निसटली होती.

घरी आल्यावर तिला आधीची तुटलेली चेन आठवली. तिच्या नवऱ्याने, दिनेशने, ती बकऱ्यांच्या कोठ्याच्या फाटकाला बांधली होती. तिने ती सोडली आणि उजेडात नेऊन पाहिली. तिथेही तसंच होतं.

"काऊन काढली ते?" दिनेशने विचारलं. "बकऱ्या बाहीर निघतीन."

"तुमी दोरी बांधा," ती म्हणाली आणि दोन्ही चेनी घेऊन भैयाजी नैतामच्या घराकडे गेली.

भैयाजीची मुलगी उर्वशी नववीत होती. शाळेतून मिळालेल्या सायकलने ती फाट्यापलीकडच्या शाळेत जायची. दिवाळीच्या सुट्टीनंतर ती त्याच नाल्याच्या चढावर पडली होती आणि तिचं उजवं मनगट मोडलं होतं. सरकारी सायकल आहे, अशीच निघायची, असं सगळ्यांनी म्हटलं होतं. हाताचं प्लास्टर निघालं तरी भैयाजीने तिला पुन्हा सायकलवर बसू दिलं नाही. बस त्या गावापर्यंत येत नव्हती, आणि जंगलातून एकटीने पायी जाणं तर शक्यच नव्हतं. उर्वशी घरीच होती.

सायकल ओसरीत भिंतीला टेकून उभी होती, चेन अजून खाली लोंबत होती. दीपाली वाकली आणि तुटलेलं टोक हातात घेतलं.

"हे चेन कोणी बसवली होती उर्वशी?"

"नानाजीबाबानं. पोळ्याच्या वक्ती. ढिल्ली झाली होती म्हून एक कडी काढून देल्ली."

दीपालीला पुढे काही विचारायची गरज नव्हती. घरी परतताना तिला काही सुचेना. हे चारचौघांत बोललं तर नानाजींचं दुकान बसेल. नाही बोललं तर आणखी कुणीतरी पडेल. नाल्यातल्या दगडांवर डोकं आपटलं तर? शेवटी तिने ठरवलं, आधी त्यांनाच सांगायचं.

दुसऱ्या दिवशी दुपारी ती दुकानात गेली. गिऱ्हाईक कुणी नव्हतं. तिने तुटलेले जोड नानाजींच्या हातात दिले.

"भाऊ, हे पिना पाहा बरं."

नानाजींनी अंगठा फिरवला. "बरोबर आहेत. पत्तीच कच्ची असन."

"पाहून सांगा ना."

"पाहूनच सांगून राह्यलो."

"तुमी बोटानं सांगून राह्यले, भाऊ."

नानाजींनी अंगठा मागे घेतला. ते म्हणाले, "इथी सावली आहे."

दीपाली उठून उन्हात जाऊन उभी राहिली. नानाजींना तिच्यामागे जावं लागलं. त्यांनी चेन डोळ्यांजवळ नेली, लांब धरली, मान तिरकी करून पाहिली. ऊन चेनीवर लख्ख पडलं होतं. पण इतकी वर्षं काम करून त्यांचा अंगठा दगडासारखा घट्ट झाला होता, आणि डोळ्यांपुढे होतं ते नुसतं पांढुरकं धुकं.

"काऊन तरास देऊन राह्यली मले?" त्यांचा आवाज चढला. "पटत नसन तर जा ब्रह्मपुरीले. तिथी तरणे पोट्टे दुकानं टाकून बसले आहेत. त्याइच्याकडून जोडून आण."

"माही गोष्ट नाई भाऊ. मी पडली नाई. उर्वशीचा हात मोडला."

"कोणती उर्वशी?"

"भैयाजी नैतामची. तिच्या चेनीले तुमीच पोळ्याच्या वक्ती जोड मारला होता."

नानाजींनी चेन डोळ्यांपासून खाली घेतली. मग त्यांनी विचारलं, "तिची पिन पाह्यली तू?"

"पाह्यली."

"असीच?"

"असीच, भाऊ."

ते शेडमध्ये आले, चेनी खाली ठेवल्या, हातोडी नेहमीच्या जागी ठेवायला गेले आणि ती जागा चुकून हातोडी जमिनीवर पडली. त्यांनी ती उचलली नाही. दुकानाचं टिनाचं दार आतून ओढून घेतलं. भरदुपारी ते दार बंद झालेलं दीपालीने कधी पाहिलं नव्हतं.

आवाज ऐकून नानाजींच्या पत्नी रुखमाबाई मागच्या घरातून बाहेर आल्या. दीपालीने त्यांना थोडक्यात सांगितलं. रुखमाबाईंना नवल वाटलं नाही.

"मले ठाऊक होतं," त्या हळूच म्हणाल्या. "ताटात डाव्या अंगाची भाजी तसीच राहून जाते याइची. चहा कपात कमी अन् बशीत जास्त पडते. म्या बोलली नाई. दुकान गेलं तर हा माणूस दिवसभर करन काय, म्हून." पदराने तोंड पुसून त्या पुढे म्हणाल्या, "याइच्या थोरल्या भावाचा डोळा आपरेशन करून गेला. तवापासून डोळ्याचं नाव काढलं का हे उठून जाते."

"आता तसं नाई राह्यलं बाई. माह्या सासूचं झालं ना मागच्या साली. ते सुईत दोरा ओवते आता."

दार बंद होतं तरी आतून नानाजींना सगळं ऐकू येत होतं. त्या दिवशी ते दार उघडून बाहेर आले नाहीत. दुसऱ्या दिवशीही दुकान उघडलं नाही. तिसऱ्या दिवशी दीपाली मागून आणलेल्या सायकलवर थैली घ्यायला फाट्यावर आली तेव्हा नानाजी धुतलेला सदरा घालून बसची वाट पाहत उभे होते, शेजारी रुखमाबाई पिशवी घेऊन.

"ब्रह्मपुरीले जाऊन राह्यलो," ते म्हणाले. "डोळ्याच्या डॉक्टरकडं."

आधी एका डोळ्याचं ऑपरेशन झालं. पट्टी निघाल्यावर परतीच्या बसमध्ये ते खिडकीशी बसले होते. वैनगंगेच्या पुलावर आले तेव्हा खालच्या वाळूत बसलेले पक्षी त्यांना वेगवेगळे दिसले. रुखमाबाईंच्या कपाळावरचं गोंदण त्यांनी इतकं निरखून पाहिलं की त्या लाजून खिडकीकडे पाहू लागल्या. पुढे मात्र नानाजींना घरी कधी पोचतो असं झालं होतं, आणि पोचायची भीतीही वाटत होती.

डॉक्टरांनी धुळीपासून, वाकून ठोकण्यापासून काही आठवडे लांब राहायला सांगितलं होतं. नानाजींनी ते पाळलं. पण चेनी पाहायला कुणी मनाई केली नव्हती. दीपालीने दिलेले जोड घेऊन ते ओसरीत बसले. पिन कुठे वाकडी, कुठे अर्धीच आत, कुठे पत्तीच्या भोकाच्या काठावर नुसती टेकलेली. आयुष्यभर त्यांनी दुसऱ्या मिस्त्रींच्या अशा जोडांना नावं ठेवली होती.

"लय जणाइच्या जोडल्या असतीन म्या," ते रुखमाबाईंना म्हणाले. "गेल्या उन्हाळ्यापासून तरी दिसत नव्हतंच मले."

"मंग?"

"मंग काय. जावं लागन."

पळस फुलला होता. डॉक्टरांनी कामाला हरकत नाही म्हटल्यावर नानाजींनी कॅरिअरला हत्यारांची पेटी बांधली आणि गावोगाव निघाले. ज्याची ज्याची सायकल आठवली त्याच्या दारात जाऊन ते सरळ सांगायचे, "माह्या डोळ्याले दिसत नव्हतं. तवा जोडलेली चेन आहे. पुन्हा जोडून देतो."

काहींना हसू आलं. काहींच्या चेनी केव्हाच तुटून बदललेल्या होत्या आणि त्यांनी कधी त्याचा विचारही केला नव्हता. बांबूच्या टोपल्या घेऊन बाजारोबाजार फिरणारी सोनीबाई म्हणाली, "माही तर मस्त चालून राह्यली. काऊन हात लावता भाऊ?" नानाजींनी जोडाची कडी दोन बोटांत धरून जरा पिळली. हातोडी लागलीच नाही, पिन तशीच बाहेर आली. सोनीबाई त्यांच्या हातातल्या पिनेकडे पाहत राहिली. त्याच सकाळी ती टोपल्यांची चवड बांधून नाल्याच्या उतारावरून आली होती.

धनराज नावाच्या शेतकऱ्याने मात्र त्यांना अंगणातही येऊ दिलं नाही. धानाचं पोतं घेऊन जाताना चेन तुटून तो नालीत पडला होता. "आता हात नोका लावू," तो म्हणाला. "म्या दुसरीकडून करून आणली." नानाजींनी मान डोलावली आणि पुढची वाट धरली. भैयाजीचं घर ते रोज उद्यावर टाकत होते.

शेवटी एके दिवशी दीपालीच म्हणाली, "मी तिकडंच जाऊन राह्यली भाऊ. चला."

भैयाजी अंगणात मोहफुलं वाळत घालत होता. त्याला सगळं आधीच कळलं होतं. त्याने नानाजींना बसायला खाट दिली, पाणी दिलं आणि समोर उभा राहिला.

"तुमच्या भरोशावर पोरगी धाडत होतो मी," तो म्हणाला.

"हो."

"दिसत नव्हतं ते कोणाले सांगतलं नाई तुमी."

"नाई सांगतलं. दुकान जाईन म्हून." नानाजींनी त्याच्याकडे पाहिलं. "चूक माही आहे भैयाजी. सायकलची नाई, पोरीची नाई. चेन आणली आहे, बदलून देतो. तिले बसवायचं का नाई ते तू ठरव."

भैयाजी वाटेतून बाजूला झाला. उर्वशी दारात येऊन उभी राहिली. नानाजींनी आधी दाते तपासले, चाक सरळ आहे का पाहिलं, मग नवी चेन मापाने तोडली. पिन ठोकून झाल्यावर त्यांनी जोड दोन्ही बाजूंनी पाहिला, कडी हलवून पाहिली आणि उर्वशीला जवळ बोलावलं.

"तू पाह्य. दोन्हीकडं पिन सारखी बाहीर दिसते का? कडी मोकळी वळते का? बाजूच्या कडीसंगं ताडून पाह्य."

उर्वशीने डाव्या हाताने कडी वळवून पाहिली. मग वाकून दुसऱ्या बाजूनेही पाहिली. "सारखी आहे."

"आता नाल्यावर चला," नानाजी म्हणाले.

सगळे नाल्यावर गेले. नानाजी उर्वशीच्या सायकलवर बसले आणि चढाला लागले. अर्ध्यावर ते पायडलवर उभे राहिले. चेन करकरली, पण धरून राहिली. त्यांची छाती मात्र भात्यासारखी चालू लागली आणि त्यांनी पाय टेकला.

"राहू द्या भाऊ," दीपाली म्हणाली. "डोळ्यावर जोर येईन."

"चेन नाई थांबली, मी थांबलो," ते धापा टाकत म्हणाले आणि सायकल वळवून पुन्हा खाली येऊ लागले.

तेव्हा भैयाजी पुढे झाला. त्याने त्यांच्या हातून सायकल घेतली, नाल्याच्या तळाशी नेली आणि उर्वशीला म्हणाला, "बस मांगं." उर्वशी कॅरिअरवर बसली. तिने चांगला हात बापाच्या कमरेभोवती टाकला. भैयाजी अंगाने दांडगा होता. तो पहिल्यापासूनच पायडलवर उभा राहिला आणि मुद्दाम हिसके देत चढू लागला. नानाजी चेनीकडे पाहत होते. सायकल डगमगत, माती उडवत चढाच्या टोकाला पोचली आणि दोघं बापलेक झाडांमागे दिसेनासे झाले.

थोड्या वेळाने ते परत आले तेव्हा सायकल उर्वशी चालवत होती आणि भैयाजी शेजारून पायी येत होता. नानाजींजवळ आल्यावर तो थांबला.

"सोमवारपासून परीक्षेची तयारी घेऊन राह्यले शाळेत," तो म्हणाला. "जाईन ते."

उर्वशी सोमवारी शाळेत गेली. बुडालेल्या अभ्यासामुळे तिला कमी गुण पडले, पण ती दहावीत गेली. पावसाळ्याआधी नानाजींनी दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशनही करून घेतलं. आता चेन जोडली की ते ती गिऱ्हाइकाच्या हातात देतात आणि कडी वळवून पाहायला सांगतात. आधी लोकांना ते अवघडल्यासारखं व्हायचं, हळूहळू सवय झाली. धनराज मात्र अजून आला नाही. त्यांनी पुन्हा जोडून दिलेली दीपालीची चेन पावसाळाभर चालली. नाल्याला पाणी असलं की ती सायकल खांद्यावर घेऊन पलीकडे जाते आणि पलीकडे पोचली की चेन पुसते.

उर्वशीचं मनगट अजून पूर्ण वळत नाही. ब्रेक दाबताना ते दुखतं असं तिने एकदा हवा भरायला थांबली तेव्हा सांगितलं. नानाजींनी उजव्या ब्रेकची जुनी वायर काढून नवी टाकली, खटका सैल केला आणि तिला पुन्हापुन्हा दाबून पाहायला लावलं. बोटांनी हलकेच दाबला तरी ब्रेक लागतो असं ती म्हणाली, तेव्हाच त्यांनी सायकल सोडली.